रियाजाचा संच: माळ्यावरचा की-बोर्ड, आठ फेडर आणि रीपर

शनिवार, २८ सप्टेंबर २०२४

काम एका ओळीत: तानपुरा, ठेका आणि पेटी ही तिन्ही लॅपटॉपमधून वाजावीत, आणि गाताना माउसला हात लागू नये.

फोनवरची तानपुऱ्याची अॅप चांगलीच आहेत, मी वर्षानुवर्षं त्यांच्यावर गायले आहे. पण आलाप रंगात आला आणि तानपुरा जरा मागे घ्यावासा वाटला, की डोळे उघडा, चष्मा लावा, काचेवर बोट फिरवा. तेवढ्यात लागलेला सूर हातचा जातो. मला फेडर हवा आहे, म्हणजे वर-खाली सरकणारा खटका. डोळे मिटूनही सापडणारा, ठेवला तिथेच राहणारा.

लॅपटॉप घरातलाच, विंडोजचा. सॉफ्टवेअर रीपर, रेकॉर्डिंगचं. ६० दिवस वापरून बघता येतं, घरगुती परवाना ६० डॉलरला मिळतो, आणि मुख्य म्हणजे त्यात आपले छोटे प्रोग्राम आपण लिहू शकतो. त्यांना जेएसएफएक्स म्हणतात. पुढचा बराच बेत त्यांच्याच भरवशावर आहे.

की-बोर्ड भावाच्या माळ्यावरून उतरवला. ६१ पट्ट्या, पूर्ण रुंदीच्या. २५ बारीक पट्ट्यांचे नवे मिडी की-बोर्ड दुकानात वाजवून बघितले, पण पेटीवर बसलेल्या बोटांना तिथे जागा पुरत नाही. जुन्याच्या पाठीमागे पाच पिनांची दोन गोल भोकं आहेत, मिडी इन आणि मिडी आउट. तेवढं पुरे. मिडी म्हणजे वाद्यांनी वायरीतून एकमेकांना निरोप देण्याची भाषा. १९८३च्या जानेवारीत अमेरिकेत नॅम या वाद्यव्यापाऱ्यांच्या संघटनेच्या प्रदर्शनात सीक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ हे सिंथेसायझर एका वायरीने जोडून दाखवले होते. एकमेकांच्या स्पर्धेतल्या दोन कंपन्यांनी एकच भाषा मान्य केली आणि ती सगळ्यांसाठी खुली ठेवली. सीक्वेन्शियलचे डेव्ह स्मिथ आणि रोलंडचे इकुतारो काकेहाशी यांना त्याबद्दल २०१३ साली तांत्रिक ग्रॅमी मिळालं. ती भाषा मुळात तशीच राहिली, म्हणून माळ्यावरचं वाद्य आजच्या रीपरला कळतं. मला या गोष्टीचं फार मोल वाटतं.

जोडीला एक नवा फेडरबॉक्स घेतला: आठ फेडर, आठ नॉब, बटणांच्या तीन रांगा, शिवाय प्ले-स्टॉपची बटणं. यूएसबीवर चालतो. त्यात आवाज नावाची वस्तूच नाही. तो फक्त आकडे पाठवतो, अर्थ आपण लावायचा.

रविवार, २९ सप्टेंबर

लॅमिंग्टन रोडवरून यूएसबी-मिडी केबल आणली. तिचं ‘इन’ लिहिलेलं टोक की-बोर्डच्या ‘आउट’मध्ये जातं, कारण केबलवरची नावं लॅपटॉपच्या बाजूने दिलेली असतात. सगळ्याच केबलींवर असं नसतं, तेव्हा आवाज आला नाही तर आधी टोकं अदलाबदल करून बघावी.

रीपर उघडण्याआधी मिडी-ऑक्स उघडलं. हा नुसता पहारेकरी: वायरीतून काय येतंय ते ओळीओळीने दाखवतो. पहिल्यांदा दिसली ती २५४, २५४, २५४ अशी रांग, पट्टीला बोटही न लावता. जुने की-बोर्ड ‘मी जिवंत आहे’ असं दर ३०० मिलिसेकंदांच्या आत कळवत राहतात, तो हा आकडा. मिडी-ऑक्सच्या फिल्टरमध्ये तो बंद केला की पडदा स्वच्छ होतो.

मग मधली ‘पांढरी एक’ (सप्तकातली पहिली पांढरी पट्टी) दाबली. १४४, ६०, ७३. पहिला आकडा सांगतो ‘पट्टी दाबली, चॅनल पहिलं’. दुसरा सांगतो कोणती पट्टी: मधली पांढरी एक ६०, काळी एक ६१, पांढरी दोन ६२ अशी चढती मोजणी. तिसरा आकडा किती जोरात दाबली त्याचा, १ ते १२७. पट्टी सोडल्यावर आलं १४४, ६०, ०. म्हणजे हा की-बोर्ड ‘सोडली’चा वेगळा निरोप देत नाही, शून्य जोराने ‘दाबली’ म्हणतो. मिडीच्या नियमात ते बसतं, पण स्वतः प्रोग्राम लिहिणाऱ्याने हे वहीत लिहून ठेवावं. शून्य जोर म्हणजे सूर थांबवायचा.

माझा षड्ज काळी चार. मधल्या पांढऱ्या एकच्या खालची काळी चार ५६ निघाली. या वहीत यापुढे सा म्हणजे ५६. काळी चारचा शुद्ध गंधार येतो पांढरी एकवर, ६०.

आणखी एक गोष्ट. माझ्या विंडोजमध्ये मिडीचं दार एका वेळी एकाच प्रोग्रामला उघडतं. मिडी-ऑक्स बंद केल्याशिवाय रीपरला की-बोर्ड दिसला नाही.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

घटस्थापना. वेळ थोडाच मिळाला. द्रुत तानेत मधूनच एखादा सूर अडकून वाजत राहतो. मिडी-ऑक्समध्ये बघितलं तर ‘दाबली’ची ओळ आहे, तिची शून्याची जोडीदार गायब. की-बोर्ड भावाकडे दुसऱ्या केबलवर नीट चालत होता, म्हणजे दोष केबलमध्ये. चांगल्या केबलीत येणाऱ्या बाजूला ऑप्टोकप्लर (प्रकाशातून निरोप पुढे देणारा भाग) असतो, मिडीच्या नियमातच तो सांगितला आहे. तसली केबल मागवली आहे.

शनिवार, ५ ऑक्टोबर

नवी केबल आली, अडकणं संपलं.

आज फेडरबॉक्स. प्रत्येक फेडर, नॉब, बटण हलवून कोणता आकडा येतो ते कागदावर मांडलं. हे सगळे ‘सीसी’ निरोप: एक नंबर कोण हललं त्याचा, दुसरा नंबर ० ते १२७ मधली जागा. फेडर सीसी ० ते ७, नॉब १६ ते २३, बटणांच्या रांगा ३२, ४८ आणि ६४ पासून पुढे.

इथे थांबून विचार करण्यासारखं आहे. सीसी ६४ म्हणजे जगभरच्या वाद्यांसाठी सस्टेन पेडल, ६४ किंवा अधिक आलं की सूर धरून ठेव. सीसी १ मॉड्युलेशन, सीसी ७ आवाज. म्हणजे खालच्या रांगेतलं पहिलं बटण दाबलं तर वाजवणारं प्लगइन (रीपरमध्ये जोडलेलं वाद्य) पेडल दाबल्यासारखं वागतं आणि सुरांचा चिखल होतो. आठवा फेडर हलवला तर भलत्याच वाद्याचा आवाज जातो. बॉक्सने काहीच वावगं केलेलं नाही, निरोप नको त्या घरी पोचतोय एवढंच.

इलाज रीपरच्या मिडी सेटिंगमध्ये आहे. तिथे प्रत्येक उपकरणासमोर दोन वेगळ्या परवानग्या असतात: एक वाद्य म्हणून आत येण्याची, दुसरी फक्त नियंत्रणाची. की-बोर्डला पहिली दिली, फेडरबॉक्सला दुसरीच. शिवाय पेटीच्या ट्रॅकवर इनपुट ‘सगळी मिडी उपकरणं’ असं न ठेवता नेमका तो की-बोर्ड निवडला. आता फेडरबॉक्सचे आकडे ट्रॅकमध्ये शिरतच नाहीत. पडद्यावरच्या ज्या सरकपट्टीला, ज्या बटणाला मी ‘लर्न’ करून (फेडर हलवून रीपरला ओळख देऊन) बांधीन तिथेच जातात. नवशिक्यांना मी सगळ्यात आधी हीच एक गोष्ट सांगेन, बाकीचं आपोआप उलगडतं.

यूएसबीची भोकंही ठरवून टाकली. बॉक्स दुसऱ्या भोकात घातला की विंडोज कधी कधी त्याच्या नावापुढे ‘२-’ लावून नवीन उपकरण समजतं आणि बांधलेलं सगळं सुटतं. डाव्या भोकाला लाल टिकली, उजव्याला हिरवी.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

पट्टी दाबणं आणि सूर येणं यातलं अंतर. बफर (लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) १०२४ नमुन्यांचा असताना ४८,००० हर्ट्‌झला तेवढ्यानेच २१ मिलिसेकंद जातात. तानेत हात पुढे आणि आवाज मागे. २५६ वर ५.३ मिलिसेकंद, १२८ वर २.७. मिडीच्या वायरीचा वाटा नगण्य: सेकंदाला ३१,२५० बिट, एका सुराचे तीन बाइट, म्हणजे एक मिलिसेकंदही लागत नाही. ऑडिओ इंटरफेसचा (माइक-स्पीकर लॅपटॉपला जोडणाऱ्या डब्याचा) स्वतःचा आसिओ ड्रायव्हर, आवाज झटपट पोचवणारा, घातला आणि २५६ वर थांबले. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे पाच मिलिसेकंद म्हणजे पेटीवाला पावणेदोन मीटरवर बसलाय, इतकंच. मैफलीत तो तिथेच बसतो.

शनिवार, १२ ऑक्टोबर

दसरा. पेटी, की-बोर्ड, फेडरबॉक्स पाटावर मांडून पूजा केली, झेंडूची फुलं वाहिली. आज हत्यारांना हात नाही.

रविवार, १३ ऑक्टोबर

मला गाणं शिकवणाऱ्या बाईंचा मिरजेचा जनानी तानपुरा दोन दिवसांसाठी घरी आला आहे. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला याच वर्षी भौगोलिक मानांकन मिळालं. तारा काळी चारला बाईंनी स्वतः लावून दिल्या, जवारीचे (तारेखालचे, झंकार खुलवणारे) दोरेही त्यांनीच सरकवले. मला त्यांच्यासारखी जवारी अजून उघडता येत नाही.

रात्री पंखे, फ्रिज बंद करून एकेक तार रेकॉर्ड केली. माइक घोडीपासून हातभर. एक तार छेडताना बाकीच्या बोटाने दाबायच्या नाहीत. त्या नुसत्या थरथरतात त्यातूनच तानपुऱ्याचा गोलावा येतो. प्रत्येक तार पूर्ण विरेपर्यंत, बारा-पंधरा सेकंद. पहिली तार तीनदा लावून घेतली: पंचम, मध्यम, निषाद. मालकंसाला मध्यम लागतो, मारव्याला निषाद.

हे नमुने रीपरच्याच रीसॅम्पलोमॅटिक५००० या नमुने वाजवणाऱ्या प्लगइनमध्ये घातले, एकेका तारेला एकेक मिडी पट्टी. त्यात ‘ओबे नोट-ऑफ्स’ ही खूण काढून टाकली. ती असली तर पट्टी सुटताच तिची तार तुटते, आणि तानपुरा तर तारांच्या एकमेकींत मिसळण्यानेच तानपुरा होतो.

आता मोठा प्रश्न: तारा छेडणार कोण? नेहमीसारखं टाइमलाइनवर सूर मांडले तर ठेक्याची लय वाढवली की तानपुराही पळायला लागतो. खऱ्या बैठकीत असं होत नाही. द्रुत चालू असली तरी मागचा तानपुरेवाला आपल्याच संथ चालीत असतो, त्याचा तालाशी संबंध नाही. म्हणून छोटा जेएसएफएक्स लिहिला. तो प्रोजेक्टच्या लयीकडे बघतच नाही, ऑडिओचे नमुने मोजत बसतो आणि ठरलेल्या सेकंदांनी पंचम, सा, सा, खर्ज (खालचा सा) छेडतो. खर्जानंतर किंचित जास्त थांबतो. एक नॉब फेरीची लांबी ठरवतो, चार ते सहा सेकंद. दर छेडीला जोर थोडा कमी-जास्त होतो. तीन बटणांवर पंचम, मध्यम, निषाद. रीपर थांबलेलं असलं तरी प्लगइन चालू राहतात, त्यामुळे प्ले न दाबताही तानपुरा झंकारत राहतो.

मध्यरात्री दिवा मालवून पहिल्यांदा त्यावर सा लावला. खर्जाच्या तारेतून स्वयंभू (न छेडता आपोआप उमटणारा) गंधार निघताना स्पष्ट ऐकू आला.

रविवार, २० ऑक्टोबर

आणि त्या गंधारानेच पुढचं काम काढलं.

पेटीचा आवाज सर्ज एक्सटी या मोफत सिंथमध्ये बांधला: दोन ऑसिलेटर (सूर निर्माण करणारे भाग), पेटीतल्या खर्ज-नर सुरांच्या जोडीसारखे एक सप्तक अंतरावर. जोर बांधून टाकला, पेटीला पट्टी जोरात दाबल्याचं सोयरसुतक नसतं. तानपुऱ्यावर पांढरी एक दाबली आणि कान टवकारले. गंधार हलतोय. व-व-व-व, सेकंदाला चार हेलकावे.

हिशोब मांडला. माझा सा २०७.६५ हर्ट्‌झ, खर्ज १०३.८३. खर्जाच्या तारेचा पाचवा स्वयंभू स्वर ५१९.१ वर. की-बोर्डचा समान अंतरांचा गंधार २६१.६, त्याची दुप्पट ५२३.२. फरक चार. कानाला जे ऐकू येतं तेच कागदावर. शुद्ध गंधार म्हणजे षड्जाच्या ५/४, ३८६.३ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग). की-बोर्ड देतो ४००. पावणेचौदा सेंट चढा.

पेटीवरचा हा जुना आक्षेप. आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियम बंद होती, आणि श्रुती (स्वरांचे बारीक भेद) नाही, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नाही ही तक्रार त्यामागे होतीच. त्याच्याही आधी कृष्णाजी बल्लाळ देवल आणि अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी श्रुतींची हार्मोनियम करून घेतली होती. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओकांनी २२ श्रुतींची पेटी घडवली. त्यांना लाकूड आणि पितळी सूर घासावे लागले. माझ्याकडे नुसते आकडे आहेत, तेव्हा न करण्याला सबब नाही.

सर्जमध्ये स्कालाची (स्वरांच्या जागा लिहिलेली) फाइल घालून सप्तक बदलता येतं, ते करून बघितलं आणि ते उत्तम चालतं. पण फाइल एकदा घातली की गोठली. मला सूर गाता गाता हलवायचा आहे. म्हणून दुसरा जेएसएफएक्स.

तो असं करतो. पट्टी आली की तिच्या नंबरातून ५६ वजा करून बाराने भागतो, बाकी उरते तो स्वर. त्या स्वराची दुरुस्ती तक्त्यात बघतो. मग २ ते १६ मधलं एक मोकळं चॅनल निवडून आधी तिथे पिच बेंड (सूर किंचित वर-खाली सरकवणारा निरोप) पाठवतो आणि लगेच सूर. प्रत्येक सुराला वेगळं चॅनल अशासाठी की पिच बेंड संपूर्ण चॅनलला लागतो. एकाच चॅनलवर सा धरून गंधार दुरुस्त केला तर सा-ही खाली ओढला जाईल. हीच युक्ती २०१८ साली एमपीई या नावाने मिडीच्या नियमांत आली, आणि सर्जला ती कळते. पट्टी सुटली की ती कोणत्या चॅनलवर गेली होती ते आठवून तिथेच सूर थांबवायचा.

आकडा कसा निघतो तेही लिहून ठेवते. पिच बेंड ० ते १६,३८३, मध्य ८,१९२. पल्ला दोन अर्धस्वरांचा असेल तर २०० सेंटना ८,१९२ पायऱ्या, एका सेंटला ४०.९६. गंधाराला १३.६९ सेंट उतरवायचं म्हणजे ५६१ पायऱ्या, ८,१९२ वजा ५६१ बरोबर ७,६३१. वायरीत तो दोन तुकड्यांत जातो, आधी ७९ मग ५९, कारण ५९ गुणिले १२८ अधिक ७९. एमपीईत नेहमीचा पल्ला ४८ अर्धस्वरांचा, तिथे एक पायरी अर्ध्या सेंटहून थोडी मोठी पडते. कानाला चालतं. महत्त्वाचं एवढंच की प्रोग्राममध्ये आणि सर्जमध्ये पल्ला एकच लिहिलेला हवा. नाहीतर दुरुस्ती चोवीसपट होते.

शनिवार, २६ ऑक्टोबर

फेडरांची वाटणी ठरली, आणि ती इतकी चपखल बसली की दिवसभर आनंदात होते. सा आणि पंचम अचल, त्यांना फेडर नको. चल स्वर पाच: रिषभ, गंधार, मध्यम, धैवत, निषाद. पहिले पाच फेडर त्यांचे. सहावा तानपुरा, सातवा ठेका, आठवा पेटीचा भाता. आठच्या आठ लागले.

स्वरांच्या फेडरवर ६४ म्हणजे दुरुस्ती शून्य, एका पायरीला अर्धा सेंट. वर साडेएकतीस सेंट, खाली बत्तीस. पण फेडर हलवला तरी वाजता सूर हलत नव्हता, पुढच्या वेळी पट्टी दाबल्यावरच फरक पडायचा. प्रोग्राममध्ये भर घातली: फेडर हलताच त्या स्वराच्या वाजत्या सगळ्या चॅनलांना नवा पिच बेंड पाठव.

मग तानपुरा चालू, उजव्या हाताने पांढरी एक धरलेली, डाव्या हाताचं बोट दुसऱ्या फेडरवर. हळूहळू खाली. चार हेलकावे, तीन, दोन. पुढे ते मोजण्याइतके संथ झाले. मग एक लांबलचक हेलकावा, आणि त्यानंतर गंधार तानपुऱ्यात असा मिळाला की पेटी वाजतेय का बंद पडली म्हणून मी बोट उचलून पाहिलं. फेडर ३७ वर होता. साडेतेरा सेंट खाली. कागदावरचं उत्तर माहीत होतं, तरी हाताने तिथे पोचणं वेगळं. गेली कित्येक वर्षं बाई ‘गंधार तानपुऱ्यात शोध’ म्हणतात, ते बोटाला आज कळलं.

रागागणिक पाचही फेडरांच्या जागा प्रीसेट म्हणून साठवल्या. यात एक गोम आहे. भूपाचा प्रीसेट उघडला तरी खरे फेडर यमनाच्या जागीच उभे असतात, त्यांना मोटर नाही. मोटरचे फेडर असलेले कंट्रोलर मिळतात, महाग आहेत. अशा वेळी एखादा फेडर नुसता शिवला तरी स्वर उडी मारतो. रीपरच्या लर्न खिडकीत ‘सॉफ्ट टेकओव्हर’ची खूण केली की फेडर साठवलेल्या जागेवरून जाईपर्यंत त्याचं कोणी ऐकत नाही. तिथे पोचला की मगच तो सूर हातात घेतो. पाचही स्वरांना आणि तानपुऱ्यालाही ही खूण केली. फेडरांच्या मध्यावर नेलपॉलिशचा बारीक ठिपका दिला, तो नखाला लागतो.

रविवार, ३ नोव्हेंबर

भाऊबीज. भाऊ आला, बरोबर भाचा, तबल्याची पिशवी घेऊनच. ओवाळणी, जेवण झालं आणि त्याला कामाला लावलं. डग्गा-तबला काळी चारला लावून धा, धिं, तिं, ता, ना एकेक बोल घेतले. धा तीन वेगवेगळे, धिं तीन वेगवेगळे, म्हणजे आवर्तनात एकच धा छापल्यासारखा वाजणार नाही. त्यांना वेगवेगळ्या पट्ट्या दिल्या आणि तीनतालाचा ठेका त्यानेच की-बोर्डवर बोटांनी वाजवून दिला.

प्रोजेक्टचं काळमान ४/४ न ठेवता १६/४ ठेवलं आहे. रीपरला ते चालतं. मग वरच्या खिडकीत ‘बार आणि बीट’ ऐवजी आवर्तन आणि मात्रा दिसायला लागतात: ३.९ म्हणजे तिसरं आवर्तन, नववी मात्रा, ‘खाली’ (टाळी नसलेली). झपतालाला १०/४, एकतालाला १२/४, रूपकाला ७/४. तालागणिक वेगळी फाइल.

भाच्याला त्याच्या रियाजासाठी लेहरा (तालाचं आवर्तन धरून फिरणारी धून) हवा होता. मी चंद्रकंसातला वाजवून दिला, तो फिरता ठेवला, आणि भाचा तबल्यावर कायदा (बोलांची एक रचना) वाजवायला बसला.

“आत्या, लय वाढव ना जरा. अगदी थोडी.”

लय नॉबवर ठेवायचा विचार होता, पण नॉबला १२८ च जागा. मिनिटाला ४० ते ३२० मात्रा त्यात बसवल्या तर एका पायरीला दोन मात्रांहून जास्त उडी. ती तबलजीच्या हाताला खटकतेच. म्हणून लय दोन बटणांवर बांधली: रीपरमध्ये प्रोजेक्टची लय एकाने वाढवणारी आणि एकाने घटवणारी अशा तयार आज्ञा आहेत. दोनदा दाबलं. त्याने मान डोलावली, हात थांबला नाही.

“आता तानपुरा पण पळेल ना गं?” भाऊ म्हणाला. नाही पळाला.

“ताई, माझा की-बोर्ड आहे तो,” जाताना भाऊ म्हणाला. “आहे तुझाच,” म्हटलं, “पण आता इथेच राहील.”

रविवार, १० नोव्हेंबर

भाता. आठवा फेडर पेटीच्या आवाजाला बांधला. बॉक्स की-बोर्डच्या उजवीकडे ठेवला होता तो डावीकडे आणला. आता आठवा फेडर पट्ट्यांच्या अगदी लगत येतो आणि पेटीवर भात्याला जाणारा डावा हात आपसूक तिथे जातो. सूर लागताना किंचित वर, सुटताना खाली. नुसती पट्टी दाबून येणारा सपाट आवाज यानेच गेला. १२८ पायऱ्यांमुळे मंद सुरांत खडखड ऐकू येत होती, मध्ये थोडं गुळगुळीत करणारी ओळ घातली, ती गेली.

मींडेसाठी की-बोर्डचं बेंड व्हील तपासलं. मिडी-ऑक्समध्ये त्याचा बारीक तुकडा कायम शून्य, मोठाच तेवढा बदलतो. म्हणजे १६,३८४ जागांऐवजी १२८. पल्ला एका सप्तकाचा ठेवला तर एक पायरी जवळजवळ १९ सेंटची, श्रुतीपेक्षा फार लहान नाही. अशाने मींड पायऱ्या उतरल्यासारखी ऐकू येते. पेटीवर मींड नसते आणि मला ती गळ्यानेच घ्यायची आहे, म्हणून व्हील सोडून दिलं.

रविवार, १७ नोव्हेंबर

बाई आल्या. संच दाखवला नाही, नुसता तानपुरा लावून यमन गायला बसले. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग पेटीवर गंधार धरायला सांगितला.

“अजून जरा खाली. गळा तिथे जातोय तुझा, पेटी वर राहतेय.”

दुसरा फेडर ३७ वरून खाली घेत गेले. ३४ ला त्या “तिथे” म्हणाल्या. पंधरा सेंट. ५/४ पेक्षाही अंमळ खाली, आणि निषादाकडून चढताना तोच खरा वाटतो. मग त्यांनी स्वतः डावा हात पुढे केला आणि निषादाचा फेडर डोळे मिटून लावला. कोणता फेडर कोणाचा हे एकदाच विचारलं होतं.

यमनाच्या जागा, आज बाईंनी लावल्या तशा: रिषभ ७२, गंधार ३४, तीव्र मध्यम ४४, धैवत ३३, निषाद ४०. ‘यमन-बाई’ या नावाने साठवलं. माझा आधीचा प्रीसेट तसाच ठेवला आहे.

उरलेलं: तोडीचे अतिकोमल रिषभ-गंधार बाईंसमोरच लावायचे. दरबारीचा गंधार एका जागी उभाच राहत नाही, त्याला तक्ता पुरणार नाही, आंदोलनासाठी प्रोग्राममध्ये वेगळी सोय लागेल. खालच्या रांगेतलं शेवटचं बटण सीसी १२३ ला बांधायचं, सगळे सूर बंद करायला. प्रोजेक्ट, दोन्ही जेएसएफएक्स आणि तानपुऱ्याचे नमुने पेन ड्राइव्हवर घेतले, एक प्रत भाच्याकडे दिली. त्याचा षड्ज काळी एक, म्हणून प्रोग्राममधल्या ५६ च्या जागी त्याने ४९ लिहायचं. तानपुऱ्याचे नमुने सात अर्धस्वर खाली ओढून चालणार नाहीत, जवारीच बदलते. त्याच्यासाठी मर्दानी तानपुरा शोधून नव्याने रेकॉर्ड करायचा आहे.